‘पॅरिया’ हा शब्द त्यांनी कुठून उचलला?

रात्रीचे दोन वाजलेत. दहा बाय दहाच्या खोलीत आई, बहीण, धाकटा भाऊ ओळीनं झोपलेत आणि कोपऱ्यात आमचा एक दोस्त जुन्या बाजारातून आणलेल्या कॉम्प्युटरसमोर कानाला हेडफोन लावून बसलाय. पडद्यावर बर्फाचे डोंगर, दगडी किल्ले, तलवारी. पोरगं दिवसभर कुरिअरची पाकिटं वाटतं आणि रात्री ऑर्क होतं. हिरवी कातडी, खालच्या जबड्यातून बाहेर आलेले सुळे, अंगावर मणभर लोखंड.

आमचे थोर कार्यकर्ते त्याला बघून म्हणतात, ही भंकस आहे, भांडवलदारांनी दिलेली अफू आहे, त्यापेक्षा शिबिराला ये. थोर कार्यकर्त्यांना माझं सांगणं एवढंच, की अफू काय आहे हे बघायला आधी पुडी सोडावी लागते. मी ती सोडली. त्या दोस्ताशेजारी चार रात्री बसलो. आणि पाचव्या रात्री पडद्यावर एक शब्द वाचला, तेव्हा खाडकन झोप उडाली.

खेळाचं नाव ‘एल्डर स्क्रोल्स’. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातल्या बेथेस्डा नावाच्या कंपनीनं १९९४ पासून काढलेली ही खेळांची माळ. ‘अरेना’, ‘डॅगरफॉल’, ‘मोरोविंड’, ‘ऑब्लिव्हियन’ आणि २०११ चा ‘स्कायरिम’. ह्या खेळांत नुसती मारामारी नाही. एक अख्खं जग आहे, त्याचे वंश आहेत, देव आहेत, युगं आहेत, आणि खेळाच्या आतच शेकडो पुस्तकं आहेत, जी तुम्ही कपाटातून काढून वाचू शकता. जगभरची पोरं ही पुस्तकं वाचून रात्ररात्र वाद घालतात : कोण कोणाचा पूर्वज, कोणता देव काळा, कोणता गोरा, बुडालेला वंश कसा बुडाला. आपल्या पुराणिकांची बारी गेली, दोस्तहो, आता ही नवी पुराणं आली.

आणि ह्या पुराणात ऑर्क लोकांचं जुनं नाव आहे ‘ओर्सिमर’. त्याचा अर्थ त्या जगाच्या पुस्तकांत दिलाय : पॅरिया लोक.

पॅरिया म्हणजे कोण रे भाऊ? इंग्रजी येणारा चटकन सांगेल, बहिष्कृत, वाळीत टाकलेला. बरोबर. पण शब्द आला कुठून? तामिळ देशातून. परई नावाचा ढोल वाजवणारे ते परैयर. मेलेल्याच्या अंत्ययात्रेत, गावच्या जत्रेत ज्यांनी ढोल वाजवायचा आणि गावाबाहेर राहायचं, ते परैयर. आपले हलगीवाले जसे, तसे. सतराव्या शतकात युरोपातल्या व्यापाऱ्यांनी हा शब्द जहाजातून नेला, मिऱ्यासारखा, दालचिनीसारखा. मग तो त्यांच्या भाषेत मुरला. मॅक्स वेबर नावाच्या जर्मन पंडितानं ज्यू लोकांना ‘पॅरिया लोक’ म्हटलं, आणि तो शास्त्रातला शब्द झाला. शेवटी फिरत फिरत तो मेरीलँडच्या खेळात पोचला आणि हिरव्या कातडीच्या सुळेवाल्या माणसाच्या कपाळावर चिकटला.

माझी तक्रार अशी नाही की त्या कंपनीतल्या पोरांनी मुद्दाम आपल्याला राक्षस केलं. त्यांना बहुधा परैयर हा जिवंत माणूस आहे, हेच ठाऊक नसेल. आणि नेमकं तेच भयंकर आहे. एका जातीचं नाव इतकं झिजवलं गेलं, की आता ते नाव वापरताना त्यामागे माणूस असतो ह्याची कोणाला आठवणही येत नाही. शिवी एवढी गुळगुळीत झाली की तिचा दगड कोणाला लागतो ते दिसतच नाही.

आता ह्या पॅरिया लोकांची जन्मकथा ऐका. एल्फ म्हणजे उंच, सोनेरी कातडीचे, बुद्धिमान, दीर्घायुषी लोक. त्यांचा एक वीर देव ट्रिनिमॅक. बोइथिया नावाच्या दुसऱ्या देवानं ट्रिनिमॅकला गिळलं आणि मग विष्ठेवाटे बाहेर टाकलं. त्या घाणीतून जो उठला तो मालाकाथ, वाळीत टाकलेल्यांचा देव. आणि ट्रिनिमॅकचे जे भक्त होते तेही देवाबरोबर बदलले, विद्रूप झाले, ते ऑर्क. मालाकाथ हा काळ्या देवांपैकी एक, पण बाकीचे काळे देवसुद्धा त्याला आपल्या बरोबरीचा मानत नाहीत. म्हणजे नरकातही पंगत वेगळी.

ही कथा मी त्या दोस्ताला मोठ्यानं वाचून दाखवली आणि विचारलं, कुठं ऐकल्यासारखी वाटते? तो हसला. म्हणाला, आपल्याला निदान पायापासून तरी काढलं होतं.

ह्यावर हसता येतं. पण पुढं बघा. ऑर्क लोकांचं ओर्सिनियम नावाचं शहर. शेजारच्या राजांनी एक होऊन तीस वर्षं वेढा घातला आणि ते जमीनदोस्त केलं. पुन्हा बांधलं, पुन्हा मोडलं. १९९६ च्या ‘डॅगरफॉल’मध्ये ऑर्क हा शत्रू आहे, दिसला की कापायचा. पण त्याच खेळात गॉर्टवॉग नावाचा ऑर्कांचा एक पुढारी आहे आणि त्याची मागणी एकच आहे : आमच्या लोकांना लोक म्हणून मान्यता द्या. २००२ च्या ‘मोरोविंड’मध्ये पहिल्यांदा तुम्ही स्वतः ऑर्क होऊ शकता. आणि तिथं कारण काय दिलंय? ऑर्क लोकांनी साम्राज्याच्या पलटणीत मर्दुमकी गाजवली म्हणून हळूहळू त्यांना साम्राज्यात मान मिळू लागला.

पलटण! ज्यांचे पणजोबा इंग्रजांच्या फौजेत होते त्यांना ही ओळ वाचून काही होणार नाही का? लढाई मारायची, बिल्ले मिळवायचे, आणि मग १८९० च्या दशकात ‘लढवय्या जमाती’चं शास्त्र निघालं की महारांची भरती बंद. मरायला चाललात तोवर माणूस. ही गोष्ट मेरीलँडच्या लेखकांनी आपल्याकडून घेतली नसेल. पण जिथं जिथं साम्राज्य असतं तिथं तिथं ही गोष्ट आपोआप लिहिली जाते.

आता चाहत्यांच्या वादाकडे येऊ. वर्षानुवर्षं एक प्रश्न घोळतोय : ऑर्क हे मूळचे एल्फ की जनावरांच्या जातीचे? त्या जगातले काही पंडित ऑर्कांना पशुवंशात घालतात, गॉब्लिनांच्या रांगेत बसवतात. काही म्हणतात, ‘ओर्सिमर’मधला ‘मर’ म्हणजेच एल्फ, तेव्हा ते एल्फच. पोरं दोन्हीकडून पुरावे काढतात. आणि हे पुरावे काढताना त्यांना एक फार मोलाची सवय लागलीय. ती म्हणजे विचारायची, की हे पुस्तक लिहिलं कोणी? त्या खेळात कुठलंच पुस्तक देवानं सांगितलेलं नाही. प्रत्येकाला लेखक आहे, लेखकाला वंश आहे, पगार देणारा राजा आहे. एल्फानं लिहिलेल्या इतिहासात ऑर्क घाण आहे, आणि ऑर्कांची बाजू मांडणारं पुस्तक बंदी घातलेलं आहे. सतरा-अठरा वर्षांची पोरं, जी शाळेत इतिहासाचं पुस्तक तोंडपाठ करून ओकतात, ती इथं म्हणतात, ह्या लेखकाचा हितसंबंध बघा.

अरे, हेच तर जोतिबांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त केलं! मासा, कासव, वराह, वामन ह्या अवतारांच्या गोष्टी घेतल्या आणि विचारलं, ह्या लिहिल्या कोणी, जिंकलेल्यानं की हरलेल्यानं? ज्याला राक्षस म्हटलंय तो कोणाचा राजा होता? बळीला पाताळात घातलं म्हणता, मग गावोगावच्या बाया अजून ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ का म्हणतात? आणि ते पुस्तक जोतिबांनी अर्पण कोणाला केलं? गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जन लोकांना. दीडशे वर्षांनी त्याच अमेरिकेतून आपल्याकडे वंशांची पुराणं येतात, तेव्हा ती कशी वाचायची ह्याचं हत्यार आपल्या घरात आधीच आहे. ते गंजू देऊ नका.

पण चाहते एका ठिकाणी थांबतात, आणि माझं भांडण तिथून सुरू होतं.

ते पुस्तकावर शंका घेतात, कोष्टकावर घेत नाहीत. खेळ सुरू करताना तुम्ही वंश निवडता आणि पडद्यावर आकडे येतात. ‘मोरोविंड’मध्ये उच्च एल्फ जन्मतो तो बुद्धी पन्नास घेऊन. ऑर्क पुरुष जन्मतो बुद्धी तीस आणि ताकद पंचेचाळीस घेऊन. अजून त्यानं एक पाऊल टाकलं नाही, एक अक्षर वाचलं नाही, पण डोकं तीस! ‘स्कायरिम’मध्ये हे मूळ आकडे गेले, तरी वंशागणिक कसबाचे जादा गुण राहिले : ऑर्काला जड चिलखताचे, उच्च एल्फाला जादूचे. कथेत लेखक म्हणतो, ऑर्कांवर अन्याय झाला हो. आणि खालचं गणित म्हणतं, पण डोकं कमीच. कथा सुधारली, गणित तेच राहिलं.

ह्या कोष्टकाला आपल्याकडे चातुर्वर्ण्य म्हणतात. गुण आणि कर्म पाहून वर्ण, असं सांगणारे सभ्य लोक आपण पुष्कळ पाहिलेत. गुण कोणी मोजले, कधी मोजले, जन्माच्या आधीच कसे मोजले, हे विचारलं की ते गप्प होतात. त्या खेळात वंशांच्या संकराबद्दल वैद्यांच्या सभेनं लिहिलेलं एक पुस्तकसुद्धा आहे, कोणाचं मूल कोणासारखं होतं ते सांगणारं. ते वाचताना मला रिस्ले साहेब आठवला. १९०१ च्या जनगणनेचा हा मोठा अधिकारी नाकाची रुंदी मोजून जातींची उतरंड लावायचा. नाक जितकं बसकं तितकी जात खाली. ते पण एक कोष्टकच होतं.

फरक एवढाच की त्या कोष्टकाला बाबासाहेबांनी त्याच्याच फुटपट्टीनं मारलं. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये त्यांनी नाकांचे तेच आकडे घेतले आणि दाखवून दिलं, की ह्या मोजमापावर विश्वास ठेवायचा तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे निघतात. ब्राह्मण आर्य तर अस्पृश्यही आर्य. अस्पृश्य द्रविड तर ब्राह्मणही द्रविड. म्हणजे अस्पृश्यतेचं मूळ रक्तात नाही. त्याआधी १९३६ मध्ये ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’मध्येही त्यांनी सांगितलं होतं, की जात ही वंशांची विभागणी नव्हे, ती एकाच वंशाच्या लोकांची केलेली सामाजिक विभागणी आहे.

हे मी का उगाळतोय? कारण आपल्यातल्या काही पोरांना एक नवीन धुंदी चढलीय. ती म्हणतात, ठीक आहे, आम्ही ऑर्क. आम्ही असुर. आम्ही त्या प्राचीन काळ्या वंशाचे, काळ्या देवांची लेकरं, आमचं रक्त वेगळं आणि तुमच्याहून जुनं. ऐकायला जोरदार वाटतं. शिवी उचलून झेंडा करायचा, ह्यात मर्दपणा आहे, मी नाकारत नाही. ‘दलित’ हा शब्द आपणच छाती काढून उचलला. पण शिवी उचलताना तिच्या पोटातलं रक्ताचं शास्त्रही उचललं, तर कोष्टक त्यांचंच राहिलं आणि आपण फक्त आपली रांग रंगवली. ज्याच्या रक्तात जन्मजात शौर्य लिहिता येतं, त्याच्या रक्तात जन्मजात घाणही लिहिता येते. लेखणी एकच आहे.

आणि दुसरी धुंदी ह्याच्या उलटी. आम्ही मूळचे एल्फच हो! २०१५ साली ह्याच जगातला ओर्सिनियमवरचा खेळ निघाला. त्यात ऑर्कांचा राजा शहर पुन्हा बांधतो आणि मालाकाथला बाजूला सारून ट्रिनिमॅकची, म्हणजे त्या जुन्या स्वच्छ एल्फ देवाची पूजा परत आणू बघतो. म्हणजे बाकीचे वंश आपल्याला सभ्य म्हणतील. त्यावरून ऑर्का-ऑर्कांत रक्त सांडतं. चाहत्यांत अजून वाद आहे, की ट्रिनिमॅक खरा की मालाकाथ खरा. मी म्हणतो, हा वाद आपण शंभर वर्षांपूर्वी जनगणनेच्या दारात पाहिलाय : अर्जावर अर्ज, आम्ही मूळचे क्षत्रिय, आमचं जानवं काळाच्या ओघात हरवलं. ज्यानं गिळलं आणि हगलं त्या बोइथियाला कोणी प्रश्न विचारत नाही. आपण मात्र आपण मूळचे किती शुद्ध होतो ते सिद्ध करत बसतो.

मग हे काळे देव आहेत तरी कोण? त्या जगात त्यांना डेड्रा म्हणतात आणि बऱ्या देवांना एड्रा. ह्या शब्दांचा अर्थ भूत आणि देव असा नाहीच. एल्फांच्या भाषेत एड्रा म्हणजे ‘आमचे पूर्वज’ आणि डेड्रा म्हणजे ‘आमचे पूर्वज नव्हेत ते’. बस. एवढाच काळेपणा. आमच्या भावकीतला तो देव, बाहेरचा तो सैतान. आपल्या ऋग्वेदात असुर हे वरुणाचं बिरुद आहे, मानाचं. पुढच्या ग्रंथांत असुर म्हणजे मारून टाकायची जात. तिकडे इराणात उलटं झालं : अहुर थोर आणि दएव वाईट. देव काळा की गोरा हे तुम्ही कुठल्या बाजूला उभे आहात त्यावर ठरतं. आणि आपण आता तिसऱ्याच बाजूला उभे आहोत, बुद्धाच्या. आपल्याला त्यांचे देवही नकोत आणि त्यांचे सैतानही नकोत. बाविसातल्या पहिल्याच प्रतिज्ञा विसरलात काय?

‘स्कायरिम’मधलं विंडहेल्म शहर मात्र प्रत्येकानं एकदा चालून यावं. ज्वालामुखी फुटल्यावर पळून आलेले काळपट कातडीचे डनमर तिथं एका घाणेरड्या मोहल्ल्यात कोंबलेत. आणि अर्गोनियन म्हणजे पालीसारख्या अंगाचे लोक, त्यांना तर तटाच्या आत राहायची बंदी. त्यांनी बंदरावर माल उचलायचा, कमी मजुरी घ्यायची आणि तिथंच पडायचं. खाजीत नावाच्या मांजरमुखी व्यापाऱ्यांचे तांडे प्रत्येक शहराच्या वेशीबाहेर तळ टाकून असतात. गावकूस! दगडी, बर्फातलं, पण गावकूसच. आणि खरी मेख पुढं आहे. हे मोहल्ल्यात कुजणारे डनमर कालपर्यंत काय करत होते? ह्याच अर्गोनियन लोकांना गुलाम म्हणून राबवत होते. बाबासाहेब जिला क्रमवार विषमता म्हणत, ती हीच : प्रत्येकाच्या डोक्यावर पाय आणि प्रत्येकाच्या पायाखाली डोकं. आमच्या दोस्ताला हे शहर बघून जेवढं कळलं, तेवढं आमच्या दोन शिबिरांत कळलं नव्हतं. हे त्यानं स्वतः सांगितलं, आणि मला राग आला नाही.

हा रोग एका खेळाचा नाही. घराणं जुनं आहे. लव्हक्राफ्ट नावाचा अमेरिकन लेखक, १८९० ते १९३७. आज जगभरच्या खेळांत समुद्राच्या तळाशी झोपलेले जे प्राचीन काळे देव दिसतात त्यांतले निम्मे त्याच्या पोटचे. त्याची भीती काय होती? न्यूयॉर्कच्या रस्त्यावर दिसणारे काळे, स्थलांतरित, मिश्र रक्ताचे गरीब लोक. त्यांच्या गर्दीला त्यानं काळ्या देवाचे पुजारी केलं. टॉल्किननं १९५८ च्या एका पत्रात ऑर्कांचं रूप सांगताना मंगोल चेहऱ्यांचा दाखला दिला. पण तोच टॉल्किन उतारवयात ह्या प्रश्नानं अस्वस्थ होता, की अख्खी एक जात जन्मतःच सुधारण्यापलीकडची कशी असू शकते. म्हाताऱ्याला निदान टोचणी होती. आणि १९७४ साली सुरू झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’नं सगळंच कोष्टकात घातलं : कोणता वंश चांगला, कोणता दुष्ट. त्याच्या १९७७ च्या राक्षसकोशात आपला ‘राक्षस’सुद्धा आहे, वाघाच्या तोंडाचा, चिलीम ओढणारा. स्वभावाच्या रकान्यात लिहिलंय : दुष्ट.

पण तिकडे लोक गप्प बसले नाहीत. २०११ साली वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळालेल्या नेडी ओकोराफोर ह्या नायजेरियन-अमेरिकन लेखिकेनं उघड विचारलं, की ज्यानं माझ्या लोकांना माणूस मानलं नाही त्या लव्हक्राफ्टचं डोकं मी घरात का ठेवू? पुरस्काराची बाहुली म्हणजे त्याचंच मुंडकं होतं. २०१५ मध्ये ती बाहुली गेली. २०१६ मध्ये व्हिक्टर लाव्हाल ह्या काळ्या लेखकानं लव्हक्राफ्टचीच एक द्वेषानं भरलेली गोष्ट घेतली आणि काळ्या माणसाच्या डोळ्यांनी पुन्हा लिहिली. मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसानं गुडघा ठेवला आणि अमेरिका पेटली, तेव्हा पुढच्याच महिन्यात डंजन्सवाल्या कंपनीला कबूल करावं लागलं, की आमच्या ऑर्क आणि काळ्या एल्फांच्या चित्रणात खऱ्या माणसांच्या अपमानाचा वास येतो. २०२२ मध्ये त्यांनीच गुलाम माकडवंशाची एक गोष्ट छापली, लोक तुटून पडले, माफी मागून मजकूर काढावा लागला. त्याच वर्षी ‘वंश’ हा शब्दच टाकून ‘प्रजाती’ म्हणायचं ठरलं. २०२४ च्या पुस्तकात जन्माचे जादा आकडे वंशाकडून काढून पात्राच्या पूर्वायुष्याकडे दिले.

ह्यातलं शेवटचं खरं काम आहे. शब्दबदल हे काम नव्हे. आपल्यालाही एकदा ‘हरिजन’ असं गोड नाव दिलं होतं, वस्ती तिथंच राहिली. कोष्टक फोडलं तर काही झालं म्हणायचं.

आता दोस्ताकडे परत येतो. चौथ्या रात्री मी त्याला विचारलं, तू ऑर्कच का होतोस? तो म्हणाला, ‘‘भाई, त्याला सगळे घाण म्हणतात आणि तो तरी मान वर करून चालतो, म्हणून.’’ ह्या उत्तरावर मला त्याला उपदेश करायचा अधिकार नाही. एवढंच म्हणतो : चाल, मान वर करूनच चाल. पण त्या पडद्यावर ‘पॅरिया’ असं आलं की थांब, आणि शेजारी बसलेल्याला सांग, हा ढोल वाजवणाऱ्या माणसाचा शब्द आहे, तो माणूस जिवंत आहे. आकड्यांचं कोष्टक आलं की विचार, हे कोणी मोजलं. आणि जग रचायचा एवढाच शौक असेल, तर रच ना. आज खेळ बनवायची हत्यारं फुकट मिळतात, कॉम्प्युटर तुझ्याकडे आहे, आणि हरलेल्यांच्या बाजूनं पुराण वाचायची शंभर-दीडशे वर्षांची तालीम तुझ्या घरात आहे.

असं एक जग रच, ज्यात जन्माला येणाऱ्या कोणाच्याच डोक्यावर आकडा नाही. मग मला हाक मार. मी रात्रभर जागायला येतो.